३६व्या आठवड्यातला जीबीएस स्वॅब: कसा घ्यायचा, लॅबला काय सांगायचं, पॉझिटिव्ह आला तर पुढे काय?

तालुका_ओपीडी

तालुक्याच्या गावातल्या छोट्या प्रसूतिगृहासाठी विचारतो आहे. शेवटच्या महिन्यात प्रत्येक गरोदर बाईचा बाळंतपणात आईकडून बाळाला जाणाऱ्या ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस (जीबीएस) या जंतूचा स्वॅब नेमाने घ्यायचा विचार आहे. पुस्तकातली मार्गदर्शक तत्त्वं वाचली आहेत, पण प्रत्यक्षात अडचणी वेगळ्याच येतात.

पहिली अडचण अशी की आजवर गरज वाटली तर हाय व्हजायनल स्वॅब जातो आणि रिपोर्ट ठरलेला येतो: 'नॉर्मल फ्लोरा', म्हणजे तिथले नेहमीचेच जंतू. एवढ्या बायकांमध्ये एकीच्याही अंगात जीबीएस नसावा, हे पटत नाही. नमुना चुकतोय की लॅब?

लॅब जिल्ह्याच्या गावी आहे. दुपारी घेतलेला स्वॅब तिथे पोचून प्लेटवर जाईपर्यंत दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडते. मे महिन्यात काय करायचं?

पॉझिटिव्ह आला तर अँटिबायोटिक लगेच सुरू करायचं की कळांमध्येच? आमच्याकडे क्रिस्टलाइन पेनिसिलिनचा पुरवठा बेभरवशाचा आहे.

आणि बाळाचं काय? जन्मल्या जन्मल्या कानाचे, बेंबीचे स्वॅब पाठवायची काही ठिकाणी पद्धत आहे. त्यात जीबीएस आला तर ठणठणीत बाळालाही इंजेक्शनं द्यायची का? बालरोगतज्ज्ञ बोलावल्यावर येतात, चोवीस तास हजर नसतात, हे धरून सांगावं.

पेट्रीताई

डॉक्टर, नमुनाही चुकतोय आणि लॅबही. आधी नमुन्याचं सांगते.

जीबीएसचं मूळ बिऱ्हाड आतड्यात असतं. तिथून तो योनीच्या खालच्या भागात येतो. स्पेक्युलम लावून वरून, गर्भाशयाच्या तोंडाजवळून घेतलेल्या स्वॅबमध्ये तो सापडण्याची शक्यता मुळातच कमी. त्यामुळे या तपासणीला स्पेक्युलम लागतच नाही. स्वॅब योनीच्या तोंडातून साधारण २ सेंमी आत घालून भिंतीला घासत फिरवा. मग तोच स्वॅब गुदद्वाराच्या स्नायूच्या पलीकडे साधारण १ सेंमी आत नेऊन हलक्या हाताने फिरवा. क्रम उलटा करू नका. दोन वेगळे स्वॅब वापरलेत तरी चालतील, लॅबमध्ये ते एकाच ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या द्रवात) घालायचे असतात. सगळ्यात जास्त गडबड होते ती दुसऱ्या टप्प्यात. संकोचापोटी स्वॅब गुदद्वाराच्या बाहेरच्या कातडीवरून फिरवला जातो आणि 'रेक्टल घेतला' अशी नोंद होते. तसा स्वॅब फुकट गेला म्हणून समजा. नीट समजावून सांगितलं तर बाई स्वतःही स्वॅब घेऊ शकते, आणि अनेकींना तेच बरं वाटतं.

आदल्या आठवड्यात लघवीच्या किंवा खोकल्याच्या कारणाने अँटिबायोटिक झालं असेल तर ते फॉर्मवर लिहा. तशा वेळी निगेटिव्ह रिपोर्टवर फार विसंबता येत नाही.

आता वाहतूक. कोरडी काडी नळीत घालून पाठवू नका. एमीज किंवा स्टुअर्ट ट्रान्सपोर्ट मीडियमची तयार नळी घ्या. त्यात जीबीएस काही दिवस जिवंत राहतो, पण उष्ण हवेत त्याची संख्या भराभर घसरते आणि ज्या बाईत मुळातच थोडे जंतू आहेत ती निगेटिव्ह ठरते. नळी फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नव्हे) आणि लशींच्या डब्यासारख्या आइसपॅकच्या डब्यातून पाठवा. गोनोरियाच्या स्वॅबला थंडी सोसत नाही, म्हणून काही लॅबवाले 'स्वॅब फ्रिजमध्ये नको' असं सरसकट सांगतात. जीबीएसला ते लागू नाही. घेतल्यापासून २४ तासांत तो ब्रॉथमध्ये पडला पाहिजे.

आणि आता लॅब. 'नॉर्मल फ्लोरा' येण्याचं मुख्य कारण हे: बहुतेक ठिकाणी स्वॅब थेट ब्लड अगारवर (रक्त घातलेल्या, जंतू वाढवायच्या प्लेटवर) ओढतात. योनी आणि गुदाच्या नमुन्यात ई. कोलाय, प्रोटियस, एन्टेरोकोकस यांची एवढी गर्दी असते की त्यात जीबीएसच्या चार-दोन वसाहती दिसतच नाहीत. थेट प्लेटिंगमध्ये निम्म्यापर्यंत वाहक (अंगात जंतू असलेल्या) बायका निसटू शकतात. त्यावर उपाय म्हणजे आधी निवडक (एनरिचमेंट) ब्रॉथ. टॉड-हेविट ब्रॉथमध्ये नॅलिडिक्सिक ॲसिड १५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि आणि कोलिस्टिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि घातलं की झाला लिम ब्रॉथ. कोलिस्टिनऐवजी जेंटामायसिन ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलि घातलेलाही चालतो. स्वॅब त्यात बुडवून ३५ ते ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवायचा, मग मेंढीच्या रक्ताच्या अगारवर उतरवायचा. दुसऱ्या दिवशी काही नसेल तर प्लेट फेकू नये, आणखी एक दिवस ठेवावी. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्टला तीन दिवस लागणार. जी लॅब चोवीस तासांत 'नो जीबीएस' देते तिने ब्रॉथ वापरलेला नाही, हे उघड आहे.

मेंढीचं रक्त म्हटलं ते मुद्दाम. रक्तपेढीतलं मुदत संपलेलं मानवी रक्त वापरून केलेल्या प्लेटा आपल्याकडे सर्रास दिसतात. त्यांवर हिमोलिसिस (जंतूने रक्तपेशी फोडल्याची पारदर्शक खूण) नीट उमटत नाही, आणि जीबीएसचं बीटा हिमोलिसिस तर आधीच अरुंद, वसाहतीच्या कडेला जेमतेम दिसणारं. कधीकधी वसाहत लूपने बाजूला सरकवल्यावर खालचा पारदर्शक ठिपका दिसतो. काही थोडे स्ट्रेन हिमोलिसिस करतच नाहीत. म्हणून राखट-पांढरी, ओलसर, कॅटालेज निगेटिव्ह, ग्रॅम पॉझिटिव्ह साखळी दिसली की कॅम्प टेस्ट लावायचीच. प्लेटच्या मधोमध स्टॅफिलोकोकस ऑरियसची सरळ रेघ, तिला काटकोनात संशयित जंतूची रेघ, दोन्हींमध्ये ३-४ मिलिमीटर जागा मोकळी. दुसऱ्या दिवशी रेघा जवळ येतात तिथे बाणाच्या टोकासारखं हिमोलिसिस दिसलं की जीबीएस. रेघा एकमेकींना चिकटल्या तर टेस्ट वाचता येत नाही. लॅटेक्स किट असेल तर तेही उत्तम, पण कॅम्प टेस्टला जवळजवळ काही खर्च नाही.

लॅबला फोन करून एवढंच विचारा: 'जीबीएससाठी एनरिचमेंट ब्रॉथ लावता का?' उत्तर ऐकून काय ते कळेल. आणि फॉर्मवर 'जीबीएस स्क्रीनिंग, योनी + गुद' असं स्पष्ट लिहा. 'व्हजायनल स्वॅब सी/एस' लिहिलंत तर लॅब नेहमीचंच करणार.

स्त्रीरोग_सल्ला

पेट्रीताईंचा प्रतिसाद छापून लॅबमध्ये लावण्यासारखा आहे.

स्वॅब केव्हा? अमेरिकेत २००२ पासून ३५ ते ३७ आठवडे असं होतं. २०१९ साली तिथल्या प्रसूती-स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ते ३६ आठवडे ते ३७ आठवडे ६ दिवस असं केलं. कारण रिपोर्ट साधारण पाच आठवडेच धरता येतो. ३५व्या आठवड्यात घेतला तर एक्केचाळिसाव्यात बाळंत होणारी बाई त्यातून बाहेर पडते. जीबीएस येतो-जातो, त्यामुळे गेल्या बाळंतपणातला निगेटिव्ह रिपोर्ट या वेळी कामाचा नाही.

पॉझिटिव्ह आल्यावर तोंडाने गोळ्या देऊ नका. हा मुद्दा पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. ३६व्या आठवड्यात ॲमॉक्सिसिलिनचा आठवड्याचा कोर्स दिला तर त्या आठवड्यापुरते जंतू दबतात, आतडं मात्र साफ होत नाही, आणि कळा सुरू होईपर्यंत योनीत पुन्हा वस्ती झालेली असते. योनीत ठेवायच्या गोळ्या, क्लोरहेक्सिडीनने पुसणं यांचाही बाळाला फायदा झालेला नाही. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोमध्ये क्लोरहेक्सिडीनची मोठी चाचणी झाली, तिचं उत्तर नकारार्थीच आलं.

याला अपवाद लघवीचा. लघवीच्या कल्चरमध्ये मिलिलिटरला १ लाख किंवा त्याहून जास्त जीबीएस वाढले तर तेव्हाच उपचार करायचे. आणि या गरोदरपणात लघवीत जीबीएस कितीही कमी प्रमाणात, कधीही सापडला असला तरी कळांमध्ये इंजेक्शन द्यायचंच. अशा बाईचा ३६व्या आठवड्यात स्वॅब घ्यायची गरज नाही, ती पॉझिटिव्हच धरायची. आधीच्या बाळाला जीबीएसचा गंभीर आजार झाला होता तिचंही तसंच.

इंजेक्शन कळा सुरू झाल्यावर किंवा पाणी गेल्यावर, शिरेतून:

पेनिसिलिन जी (क्रिस्टलाइन) पहिला डोस ५० लाख युनिट, मग दर ४ तासांनी २५ ते ३० लाख युनिट, बाळंत होईपर्यंत. किंवा अँपिसिलिन पहिला डोस २ ग्रॅम, मग दर ४ तासांनी १ ग्रॅम. पेनिसिलिनचा मारा नेमका आहे म्हणून ते आधी, पण तुमच्याकडे पुरवठा बेभरवशाचा असेल तर निःशंकपणे अँपिसिलिनवर प्रोटोकॉल बसवा. दर वेळी औषध बदलत राहण्यापेक्षा एकच औषध सगळ्या सिस्टर्सना पाठ असणं बरं.

पेनिसिलिनची ॲलर्जी सांगितली तर 'म्हणजे नेमकं काय झालं होतं?' हे विचारा. मळमळ, जुलाब किंवा नुसती खाज असेल तर सेफाझोलिन २ ग्रॅम, मग दर ८ तासांनी १ ग्रॅम. अंगावर गांध्या, ओठ सुजणं, धाप, बीपी पडणं असं काही तासाभरात झालं होतं तर सेफाझोलिनही नको. तिथे क्लिंडामायसिन ९०० मिग्रॅ दर ८ तासांनी, पण जंतू त्याला दाद देतो असा रिपोर्ट हातात असेल तरच. नाहीतर व्हँकोमायसिन २० मिग्रॅ प्रति किलो दर ८ तासांनी, एका वेळी २ ग्रॅमच्या वर नाही, आणि तासाभरापेक्षा भरभर नाही. एरिथ्रोमायसिन आता यादीत नाही.

निदान ४ तास आधी पहिला डोस गेलेला असेल तर तो पुरेसा धरतात, आणि हे फक्त पेनिसिलिन, अँपिसिलिन, सेफाझोलिन या तिघांनाच लागू आहे. क्लिंडामायसिन किंवा व्हँकोमायसिन मिळालेल्या आईच्या बाळाला 'पुरेसं झालं' असं समजू नये. मात्र चार तास भरावेत म्हणून बाळंतपण लांबवायचं नाही. दोन तास मिळाले तरी योनीतली जंतूंची संख्या उतरते.

ठरवून केलेलं सिझेरियन, कळा नाहीत, पाणमोट शाबूत: जीबीएससाठी वेगळं काही नको, ऑपरेशनआधीचं नेहमीचं अँटिबायोटिक पुरे. पूर्ण दिवसांची पॉझिटिव्ह बाई पाणी जाऊन आली आणि कळा नाहीत, तर 'बघू सकाळपर्यंत' नको. इंजेक्शन सुरू करा आणि कळा आणण्याचं औषधही.

रिपोर्ट हाताशी नसेल तर धोक्याच्या खुणांवर चालायचं: ३७ आठवड्यांच्या आतली कळा, पाणी जाऊन १८ तास, आईला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप. यातली एक जरी असली तरी द्या. ताप आणि गर्भजलाला दुर्गंधी असं चित्र असेल तर ते गर्भाशयातलं इन्फेक्शन. त्याला अँपिसिलिनबरोबर जेंटामायसिनही लागतं, जीबीएसचा एकटा डोस पुरत नाही.

शंकासूर

सगळं बरोबर, पण मूळ प्रश्न कुणी विचारला नाही: आपल्याकडे हे सरसकट करायचं का?

दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतला नवजात सेप्सिसचा (रक्तात पसरलेल्या इन्फेक्शनचा) डेनिस अभ्यास २०१६ साली आला. त्यात सापडलेल्या जंतूंत ॲसिनेटोबॅक्टर २२ टक्के, क्लेबसिएला १७ टक्के, ई. कोलाय १४ टक्के. जीबीएस यादीत कुठेतरी तळाशी. त्यातल्या बऱ्याच बाळांचा सेप्सिस पहिल्या ७२ तासांतला होता. म्हणजे आपल्या बाळांना मारणारे जंतू वेगळे आहेत, आणि त्यांना अँपिसिलिन चाटूनही जात नाही. शंभर बायकांचे स्वॅब घेणार, त्यातल्या दहा-पंधरा पॉझिटिव्ह येणार, त्या सगळ्यांना अँटिबायोटिक. इंग्लंडसारख्या देशातही राष्ट्रीय पातळीवर सरसकट स्वॅब घेत नाहीत, धोक्याच्या खुणांवरच चालतात. मग तालुक्याच्या प्रसूतिगृहाने हा पैसा साबण, हात धुण्याचं वाहतं पाणी आणि सक्शन कॅथेटरवर का घालू नये?

स्त्रीरोग_सल्ला

शंकासूर, आकडे बरोबर आहेत. पण ते मोठ्या रेफरल रुग्णालयांच्या अतिदक्षता कक्षांतले आहेत. तिथल्या खाटेवर, तिथल्या हातांतून आलेल्या जंतूंचं प्रमाण त्यात भरपूर. तालुक्याला साध्या, पूर्ण दिवसांच्या बाळंतपणात काय दिसेल हे त्यावरून थेट ठरत नाही. शिवाय जीबीएसचं बाळ बहुधा पहिल्या २४ तासांतच बिघडतं. ते कल्चर घेण्याआधी गेलं किंवा आईला आधी अँटिबायोटिक झालेलं असलं तर मोजणीत येतच नाही.

वाहक बायकांचं जागतिक प्रमाण सरासरी १८ टक्के, दक्षिण आशियात १२-१३ टक्क्यांच्या आसपास. वाहक आईच्या सुमारे निम्म्या बाळांच्या अंगावर जंतू येतो आणि काहीच केलं नाही तर १ ते २ टक्के बाळं आजारी पडतात. अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हजार जिवंत जन्मांमागे १.७-१.८ बाळांना पहिल्या आठवड्यातला जीबीएस आजार व्हायचा, तो आता ०.२ च्या आसपास आहे. हे काम एका साध्या, जुन्या इंजेक्शनने केलं आहे.

सरसकट स्वॅब परवडत नसेल तर धोक्याच्या खुणांवर चालणं हा पळपुटेपणा नाही. पण तेही नीट, लेखी, प्रत्येक पाळीत सारखं व्हायला हवं. माझं मत विचाराल तर: लॅब ब्रॉथ लावत असेल तर स्वॅब सुरू करा, लावत नसेल तर करू नका. खोटा निगेटिव्ह रिपोर्ट स्वॅब न घेण्यापेक्षा वाईट, कारण मग पाणी जाऊन अठरा तास झाले तरी सगळे निवांत असतात. हात धुण्याबद्दल मात्र दुमत नाही. ते या स्वॅबच्या जागी नाही, त्याच्याही आधी.

रात्रपाळी_सिस्टर

लेबर रूमच्या बाजूने काही गोष्टी, कारण प्रोटोकॉल भिंतीवर असतो आणि घोटाळा ट्रॉलीवर होतो.

'पेनिसिलिन' एवढंच लिहिलं तर ट्रॉलीवर जे हाताला लागेल ते निघतं, आणि बऱ्याच ठिकाणी कपाटात बेंझाथिन पेनिसिलिनच असतं. १२ लाख, २४ लाखाच्या बाटल्या. ते फक्त स्नायूत द्यायचं. शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. ऑर्डर पूर्ण लिहा: 'क्रिस्टलाइन, आयव्ही'. क्रिस्टलाइनच्या १० लाखाच्या व्हायल असतील तर पहिल्या डोसला पाच लागतात, ५ लाखाच्या असतील तर दहा. रात्री दोन वाजता ही मोजणी कुणी करत बसू नये म्हणून पुडीच तयार करून ठेवावी. बाटलीवर पोटॅशियम सॉल्ट लिहिलं असेल तर ५० लाख युनिट १०० मिलि सलाइनमध्ये अर्ध्या ते एका तासात सोडायचे, ढकलायचे नाहीत.

अँपिसिलिन ५०० मिग्रॅच्या व्हायल असतील तर पहिल्या डोसला चार. विरघळवल्यावर लगेच वापरायचं, पुढच्या डोससाठी उरवून ठेवायचं नाही. १ ते २ ग्रॅम द्यायला १० ते १५ मिनिटं घ्यायची, घाईने दिलं तर झटके येऊ शकतात. ॲड्रेनालिनचा ॲम्प्यूल (१:१०००) उशाशी असावा. ॲनाफायलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी) वाटला तर ०.५ मिलि मांडीच्या स्नायूत, आणि नंतर बाकीचं.

कागदावर पहिल्या डोसची वेळ घड्याळ बघून लिहा. 'कळांमध्ये दिलं' याचा बालरोगतज्ज्ञांना काही उपयोग नाही, त्यांना तास मोजायचे असतात. रेफर करावं लागलं तर १०८ च्या चिठ्ठीवरही औषध, डोस, वेळ. अर्ध्या वेळा पुढच्या दवाखान्यात सगळं पहिल्यापासून सुरू होतं किंवा 'झालं असेल' म्हणून सुटतं.

मोठी फट आहे ती माहेरच्या बाळंतपणाची. तपासण्या पुण्या-मुंबईला, पहिलं बाळंतपण लातूर-सांगलीला आई-वडिलांकडे. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, फाईल सासरी राहते. म्हणून स्वॅब जिथे बाळंतपण होणार तिथे घेतलेला बरा. आणि रिपोर्टचा ठळक शिक्का माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर मारा, आतल्या पानात शिवलेला कागद रात्री कुणी उलगडत नाही.

पॉझिटिव्ह बाईला सांगायचं वाक्य: 'पाणी गेलं की कळांची वाट बघू नका, तडक या. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर पहिल्या कळेलाच निघा.' चार तास मिळायचे तर हाच उपाय.

आणि एक. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात गियां-बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हापासून 'जीबीएस' म्हटलं की नातेवाईक लुळेपणाचा आजार समजून घाबरतात. त्यांच्याशी बोलताना 'स्ट्रेपचा जंतू' म्हणा. नवऱ्याकडून आला का, हा प्रश्नही येतोच, बहुधा सासूबाईंकडून. हा गुप्तरोग नाही, आतड्यातला जंतू आहे, नवऱ्याला तपासायचं नाही, औषध द्यायचं नाही.

पेट्रीताई

सिस्टर, बेंझाथिनचा मुद्दा लाख मोलाचा.

वर राहिलेलं: पेनिसिलिनच्या गंभीर ॲलर्जीची बाई असेल तर ते फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे लॅब क्लिंडामायसिनची संवेदनशीलता लावेल. एरवी लावत नाहीत, कारण पेनिसिलिनला जीबीएस अजून जुमानतो. यात डी-टेस्ट हवीच. ५ टक्के मेंढीच्या रक्ताच्या म्युलर-हिंटन प्लेटवर एरिथ्रोमायसिन १५ मायक्रोग्रॅम आणि क्लिंडामायसिन २ मायक्रोग्रॅम या चकत्या १२ मिलिमीटर अंतरावर. क्लिंडामायसिनभोवतीचं वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटं झालं तर ते औषध वापरायचं नाही, वर्तुळ कितीही मोठं असो.

बाळकक्ष

बाळाच्या प्रश्नाला आता उत्तर देतो, कारण तिथे दोन्ही टोकांच्या चुका होतात.

कान, बेंबी, घसा, पोटातलं पाणी: यांतला एकही स्वॅब नेमाने पाठवू नका. वाहक आईच्या निम्म्या बाळांच्या कातडीवर जीबीएस सापडणारच. ते वास्तव्य आहे, आजार नाही. तो रिपोर्ट दोन दिवसांनी येतो, तोवर आजारी पडणारं बाळ पडून गेलेलं असतं, आणि ठणठणीत बाळाला विनाकारण सलाइन लागून आईपासून वेगळं केलं जातं. शिवाय शंकासूरांनी सांगितलेले जंतू बाळाला तिथेच, त्या कक्षात भेटतात.

आजारी वाटणाऱ्या बाळाचं रक्ताचं कल्चर हवं, निदान १ मिलि, अँटिबायोटिकच्या आधी. टाचेतून काढलेल्या दोन थेंबांचं कल्चर निगेटिव्ह येतं ते रक्त कमी म्हणून. जन्मतः केलेल्या सीआरपीवरही (इन्फेक्शनचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीवरही) निर्णय घेऊ नका, ते वाढायलाच काही तास लागतात आणि साध्या अवघड बाळंतपणानेही वाढतं.

मग करायचं काय? बघायचं. पॉझिटिव्ह आई, पुरेसं इंजेक्शन झालेलं नाही, पण पूर्ण दिवसांचं बाळ आणि प्रकृती छान, तर ३६ ते ४८ तास दवाखान्यात, आईजवळ, आईच्या दुधावर. पहिल्या काही तासांत दर तासा-दोन तासांनी आणि मग दर ३-४ तासांनी सिस्टरने बघून लिहायचं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, पंधरा सेकंदांना चारने गुणून नाही, नवजात बाळाचा श्वास लयीत नसतो. शांत बाळाचा मिनिटाला ६० च्या वर, पुन्हा मोजला तरी तसाच, कण्हल्यासारखा आवाज, छाती आत ओढणं, श्वास मध्येच थांबणं, निळसर किंवा राखट रंग, काखेतलं तापमान ३६.५ च्या खाली किंवा ३८ च्या वर, आधी ओढणारं बाळ आता ओढत नाही, हातपाय सैल. यातलं एक दिसलं की बालरोगतज्ज्ञांना फोन. तापाची वाट बघू नका, नवजात बाळ सेप्सिसमध्ये बहुधा गार पडतं. 'जन्मल्यावर थोडं कण्हणारच' म्हणून ज्याला सोडलं जातं तेच अनेकदा जीबीएसच्या न्यूमोनियाचं बाळ असतं.

आईला कळांमध्ये ताप होता तर ही नुसती बघण्याची मुभा आपोआप मिळत नाही, तिथे बालरोगतज्ज्ञाने येऊनच ठरवायचं. ३५ आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर विचार करत बसू नये, कल्चर घेऊन अँपिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू करून वरच्या केंद्रात पाठवावं. रक्तात जीबीएस सिद्ध झाला तर उपचार १० दिवस, मेंदूज्वर असेल तर निदान १४, म्हणून कमरेतलं पाणी तपासल्याशिवाय मुदत ठरवता येत नाही.

घरी सोडताना सांगायची गोष्ट वेगळी. कळांमधलं इंजेक्शन पहिल्या आठवड्यातला आजार टाळतं. ७व्या ते ८९व्या दिवसांदरम्यान येणारा उशिराचा जीबीएस त्याने टळत नाही, आणि त्यात मेंदूज्वराचं प्रमाण जास्त. म्हणजे सव्वा महिन्याच्या बाळाला ताप आला, ते सुस्त आहे, किंचाळल्यासारखं रडतंय, टाळू फुगलीय, तर गुटी-बाळघुटी, शेक, दृष्ट काढणं यात रात्र घालवायची नाही. निगेटिव्ह स्वॅबच्या आईच्या बाळालाही हे लागू आहे, कारण तोवर जंतू घरातल्या कुणाच्याही हातून येऊ शकतो. बाळाला घेण्याआधी हात साबणाने धुणं, एवढंच आपल्या हातात. दूध बंद करायचं काही कारण नाही.

शंकासूर

हे पटलं. स्वॅब बाळाचे बंद करा आणि ते पैसे आईच्या ब्रॉथला लावा, असं म्हणू या मग.

तालुका_ओपीडी

सगळ्यांचे आभार. लॅबला फोन केला. ब्रॉथ लावत नव्हते, आठवड्याला ठरावीक नमुने आले तर लावायला तयार आहेत. तोवर धोक्याच्या खुणांवर चालतो आणि अँपिसिलिनच्या पुड्या करून ठेवतो.

दोनच शंका. ३६ आठवडे २ दिवसांना स्वॅब निगेटिव्ह आला, बाई ४१ पूर्ण होऊनही बाळंत नाही. पुन्हा स्वॅब? आणि अपुऱ्या दिवसांच्या कळा घेऊन आलेल्या बाईचा स्वॅब इंजेक्शनआधी घ्यावा का?

स्त्रीरोग_सल्ला

पहिल्याचं उत्तर हो. ३६+२ ला घेतलेल्याची पाच आठवड्यांची मुदत ४१+२ ला संपते, आणि नव्या रिपोर्टला तीन दिवस लागतात. त्यामुळे ४०+५ च्या तपासणीलाच दुसरा घेऊन टाका. कळा त्याआधी आल्या तर पहिलाच रिपोर्ट चालतो.

दुसऱ्याचंही हो. दाखल करताना आधी स्वॅब, लगेच अँपिसिलिन. कळा खऱ्या नाहीत असं ठरलं तर इंजेक्शन थांबवा, रिपोर्ट कार्डावर नोंदवा. पॉझिटिव्ह असेल तर पुन्हा कळा आल्यावर द्यायचं. निगेटिव्ह असेल आणि पाच आठवड्यांत ती परत आली तर जीबीएससाठी नको, पाच आठवडे उलटून गेले असतील तर नवा स्वॅब. पाणी जाऊन आलेली, कळा नसलेली अपुऱ्या दिवसांची बाई असेल तर तिला बाळ पोटात टिकवण्यासाठी जे अँटिबायोटिक देतो त्यातच पहिले ४८ तास शिरेतून अँपिसिलिन २ ग्रॅम दर ६ तासांनी असतं, त्यात जीबीएस येऊन जातो. मात्र ती नंतर खऱ्या कळांत गेली तर दर ४ तासांच्या हिशोबाने नव्याने सुरू करा, आधी झालंय म्हणून सोडू नका.